बिडाचा मासा

टेबलावर जी वस्तू ठेवली आहे ती तुम्ही आत येताना पाहिलीच असेल. दोघातिघांनी आम्हाला लगेच विचारलंही, ‘सर, हे किती जुनं?’ आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे. हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो असं आमचं म्हणणं आहे. पण चुकीच्या जागी विचारलेला प्रश्नसुद्धा चिकाटीनं विचारला तर बरंच हाती लागतं. म्हणून आधी तोच विचारू.

मागच्या रांगेतल्यांना दिसत नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. हा मासा आहे. लांबी साधारण दीड हात. डोकं म्हणजे कोळशाच्या इस्त्रीचा पुढचा, निमुळता अर्धा भाग. अंग म्हणजे शिलाई मशिनचं जाळीदार पायडल, ज्यावर पाय ठेवून आपल्या आया-मावश्यांनी वर्षानुवर्षं ब्लाउज शिवले. शेपूट म्हणजे कुठल्या तरी पंपाच्या चाकाचा तुटका तुकडा. हे सगळं उभं आहे ते एका जुन्या मापावर, म्हणजे वजनावर. त्याच्यावर ‘शेर’ ही अक्षरं अजून वाचता येतात. डोळ्याच्या जागी नट. हा मासा इथल्याच, खारदांड्यातल्या एका घरच्या पडवीत गेली कित्येक वर्षं उभा होता, आणि आजच्या दिवसापुरता त्या घरानं तो आम्हाला दिला आहे.

त्याला एक जोडीदारही होता. तो आता नाही, आणि तो नसण्यात आमचा वाटा आहे. त्याच्याकडे थोड्या वेळानं येऊ.

पहिली गोष्ट धातूची. ‘लोखंड’ असं आपण सरसकट म्हणतो, पण भंगारवाला तसं म्हणत नाही. त्याच्या काट्यावर ‘लोखंड’ वेगळं आणि ‘बीड’ वेगळं, दोन्हींचे भाव वेगळे. बिडाचा तवा, बिडाची कढई हे शब्द स्वयंपाकघरात आहेतच. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन दोन टक्क्यांच्या वर, बहुधा तीन-साडेतीनपर्यंत असतो. त्यामुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला वितळतं, वाळूच्या साच्यात छान पसरतं आणि हवी ती नक्षी उचलतं. पण त्याच कार्बनमुळे ते ठिसूळ होतं. घडीव लोखंड तापवून ठोकलं की वाकतं, लांबतं, पिळता येतं. बीड वाकत नाही. फार जोर केलात तर मोडतं, आणि मोडल्या जागी करडं, दाणेदार दिसतं. घडीव लोखंडावर वाजवलं की खणखणतं, बिडावर वाजवलं की बद्द आवाज येतो. तुमच्या घरातल्या दोन वस्तू घेऊन आज रात्री करून पाहा.

‘बीड वाकत नाही’ एवढं लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावरच सगळं उभं राहणार आहे.

आता वय. जुन्या बिडाच्या बाजारात खोट्याचा सुळसुळाट फार. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिडाचे गल्ले निघाले होते. नाणं ठेवलं की बाहुली हात हलवायची, कुत्रा उडी मारायचा. त्यांना पुढे संग्राहकांनी एवढी किंमत दिली की नकला निघाल्या, आणि त्या नकला ओळखता ओळखता एक शास्त्रच तयार झालं. त्यातल्या दोन-तीन खुणा आपल्याकडेही चालतात. जुन्या चांगल्या कारखान्यात बारीक वाळू वापरत, सांध्याची रेघ कानशीनं घासून काढत, दोन भाग एकमेकांत चपखल बसत. नकलेचा पृष्ठभाग खरबरीत असतो, सांधे सैल. आणि सगळ्यात गमतीची खूण मापाची. अस्सल वस्तूवरच वाळू दाबून साचा घेतला तर नक्कल अस्सलपेक्षा लहान निघते, कारण थंड होताना बीड आकसतं. साचेवाले त्याचा हिशेब फुटाला एक सूत असा धरतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही अस्सल आणि नक्कल यांवर तासन् तास बोललो असू, पण दोघांत नेमका एक सुताचा फरक असतो हे आम्हाला एका ओतकाम करणाऱ्या माणसानं शिकवलं.

आणखी एक खूण पुस्तकांत हमखास देतात. जुना गंज काळपट-तपकिरी आणि घट्ट, नवा गंज नारिंगी आणि बोटाला लागणारा. नारिंगी दिसला की समजा, कुणीतरी आम्ल मारून म्हातारपण आणलंय. ही खूण पुण्यात चालेल, नागपुरात चालेल. दांड्यात चालत नाही. इथं समुद्राची हवा नव्या कोऱ्या लोखंडाला एका पावसाळ्यात आजोबा करते, आणि जुन्यावरही दरवर्षी नवा नारिंगी थर चढवते. जागा बदलली की पुरावा बदलतो, एवढं साधं तर्कशास्त्र ही पुस्तकं लिहिणारे विसरतात.

समुद्र याहून विलक्षण गोष्टही करतो. बीड बरीच वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलं तर त्यातलं लोखंड विरघळून जातं आणि ग्राफाइट तेवढं मागे राहतं. आकार तोच, नक्षी तीच, अक्षरंसुद्धा तीच. पण चाकूनं कापता येईल इतकं मऊ. समुद्रातून काढलेल्या जुन्या तोफा अशा सापडल्या आहेत. द्रव्य गेलं आणि आकार उरला. ॲरिस्टॉटलनं हे पाहिलं असतं तर काय लिहिलं असतं, असा विचार आमच्या मनात नेहमी येतो. असो.

या माशाचे तुकडे मात्र पाण्यात गेलेले नाहीत. त्यांचं वय काढायचं तर एकेक घ्यायला हवा. इस्त्री काही सांगत नाही. कोळशाची इस्त्री कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आजही वापरतो, घडण तीच. पायडलही फारसं बोलत नाही. सिंगरच्या मशिनला क्रमांक असतो, त्यावरून साल निघतं, पण तो क्रमांक वरच्या मशिनवर असतो, खालच्या स्टँडवर नसतो. शिवाय १९३०च्या दशकापासून आपल्याकडे उषाची मशिनं आली आणि त्यांच्याही स्टँडची ठेवण तशीच. तेव्हा पायडल विलायती की देशी, हे नुसत्या जाळीवरून सांगण्याचं धाडस आम्ही करणार नाही.

बोलतं ते माप. व्यापाराच्या बिडाच्या मापाला खाली एक खळगा असतो. त्यात शिसं भरून त्यावर सरकारी शिक्का मारतात. शिसं काढलं की ते माप दुकानात वापरणं हा गुन्हा. इथं खळगा रिकामा आहे. शिसं मुद्दाम टोकरून काढलेलं दिसतं. आता, शेराचं माप धंद्यात चालत होतं तोवर शिसं कोण काढेल? आपल्या देशात मेट्रिक मापं १९५८च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२पर्यंत शेर, मण हे व्यवहारातून कायद्यानं बाद झाले. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम, एका रात्रीत नुसता बिडाचा गोळा झाला. कोळ्याच्या घरात अशा गोळ्यातलं शिसं कुठे जाणार? जाळ्याला. मग त्या रिकाम्या खळग्यातूनच भोक आरपार पाडून मासा उभा करणारा बोल्ट घातला आहे. बोल्ट तीन सुती आहे, आटे इंची मापाचे. म्हणजे मासा १९६०च्या आधीचा असण्याचा संभव फार कमी, आणि जोडकामावरून त्याच दशकातला असावा. घरच्यांची आठवणही तिथंच येऊन थांबते.

आता आमची चूक.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी, आम्ही अजून शिकवत होतो, तेव्हा याच घरातल्या मावशींनी आम्हाला बोलावलं होतं. त्या वेळी पडवीत दोन मासे होते. घराची दुरुस्ती निघाली होती, पैसा हवा होता, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ही ब्रिटिशांच्या काळची चीज आहे, लाखात जाईल. मावशींनी विचारलं, ‘सर, तुम्ही शिकलेले, सांगा हे जुनं हाय का?’ आम्ही मघाशी तुम्हाला सांगितला तसाच तर्क लढवला. माप पाहिलं, बोल्ट पाहिला, आणि मोठ्या समाधानानं निकाल दिला: ‘मावशी, लोखंड जुनं असेल, पण वस्तू जुनी नाही. भंगार जोडून केलेली आहे.’ तर्क बरोबर होता. १९७२चा पुरावस्तू कायदाही वस्तू अस्तित्वात येऊन शंभर वर्षं झाली का, असंच विचारतो. त्यात वापरलेल्या धातूचं वय विचारत नाही. पण मावशींनी ‘भंगार’ एवढाच शब्द ऐकला. महिन्याभरानं एक मासा हातगाडीवर चढला, बिडाच्या भावानं. दुसरा राहिला, कारण त्याच्या शेपटीला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती.

परवा आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मावशी हसल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्हीच बोलले होते, हे जुनं नाय.’ त्यात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

वस्तू किती जुनी, हे आम्हाला त्या दिवशी कळलं होतं. वस्तू काय आहे, हे पाहायचं राहून गेलं.

तेव्हा आता पाहू. लोखंडाच्या लोककलेचं नाव काढलं की आपल्यासमोर बस्तर येतं. कोंडागावचे लोहार, त्यांचे दिवे, हरणं, घोडेस्वार. ते सगळं घडीव. तापवायचं, ठोकायचं, लांबवायचं. माणसाच्या हाताला धातू शरण येतो आणि त्या शरण येण्यातून ती बारीक, लांब मानेची जनावरं निघतात. आकार लोहाराच्या मनात असतो आणि परंपरेतही असतो. बापाचं हरीण आणि मुलाचं हरीण एका कुळातली दिसतात.

बिडाला अशी परंपरा नाही, कारण बीड गावच्या भट्टीत मावत नाही. मुंबईत ते जहाजातून आलं. काळाघोड्याचं वॉटसन हॉटेल, ज्याला आपण एस्प्लनेड मॅन्शन म्हणतो, त्याचा सांगाडा १८६०च्या दशकात विलायतेत ओतून सुट्या भागांत इथं आणला आणि बोल्टांनी जोडला. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे आतले खांब पाहा, तेही ओतीव. बीड ही कारखान्याची भाषा, सुट्या भागांची भाषा. तुम्हाआम्हाला त्या भाषेत नवा शब्द घडवता येत नाही. आहेत ते शब्द उचलून वाक्य करता येतं, एवढंच.

या माशाच्या कर्त्यानं तेच केलं. त्यानं एकही तुकडा वाकवलेला नाही, कारण वाकवताच येत नव्हता. त्याला निवडावं लागलं. पायडलच्या जाळीत त्याला खवले दिसले. एकदा दाखवल्यावर ते आपल्यालाही दिसतात, पण तोवर पायडल पाहणाऱ्या कुणाला दिसले होते? इस्त्रीचं नाक त्याला घोळीच्या डोक्यासारखं वाटलं. घडवणं इथं हातात नाही, नजरेत आहे. पिकासोनं १९४२मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, ते जगानं डोक्यावर घेतलं. आपल्या मुंबईत पिलू पोचखानावाला यांनी भंगार लोखंडातून शिल्पं केली, ती कलादालनांत गेली. दांड्याच्या पडवीतला मासा त्यांच्या तोडीचा आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तो त्याच प्रश्नाचं उत्तर आहे, आणि उत्तर देणाऱ्यानं पिकासोचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही. तो होडीच्या इंजिनावर काम करायचा.

मर्ढेकर वाचलेल्यांना इथं लय आठवेल. खवले आणि जाळी यांत संवाद आहे, हे उघड. विरोधही आहे, आणि तो जास्त मोलाचा: निखाऱ्यांनी भरायच्या इस्त्रीला त्यानं पाण्यातल्या जनावराचं तोंड केलं. पण मर्ढेकरांच्या शुद्ध लयीपाशी आम्ही थांबू शकत नाही. रा. भा. पाटणकरांनी सौंदर्यविचारात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी दोन टोकं दाखवली. हा मासा दोन्ही टोकांना एकदम धरून ठेवतो. डोळे किलकिले केले की नुसता आकार, उघडले की कुणाच्या तरी आईचं पायडल. त्या पायडलचा उपयोग संपला, पण आठवण संपली नाही. नेल्सन गुडमन म्हणायचा, कला म्हणजे काय हे विचारण्यापेक्षा कला केव्हा असते ते विचारा. या पायडलच्या बाबतीत ‘केव्हा’चं उत्तर देता येतं: बोल्ट आवळला तेव्हा.

आणि आवळताना ते तडकलं. पोटाशी ही पिवळी रेघ दिसते पाहा. बिडाला वेल्डिंग सहज धरत नाही. आजूबाजूचा भाग नीट तापवून घेतला नाही तर शेजारी नवा तडा जातो. त्यानं पितळेनं झाळलं. व्यापारी अशा रेघेला दोष म्हणतील आणि किंमत पाडतील. आम्हाला ती सही वाटते. इथंच तर दिसतं की त्यानं हे सहज, एका संध्याकाळच्या गमतीत केलेलं नाही. मोडल्यावर पुन्हा घेऊन गेला, झाळून आणलं, पुन्हा बसवलं.

सगळंच चांगलं आहे असं नाही. शेपटीचा तुकडा अंगाच्या मानानं जड झाला आहे. मासा पोहत नाही, टेकलेला वाटतो. पाठीवर पत्र्याचा पर कापून लावला आहे तो अनावश्यक. पत्रा वाकतो, कापता येतो, आणि जिथं त्याला सहज करता आलं तिथं तो सैल पडला. डोळ्याला मागे कधीतरी कुणीतरी चंदेरी रंग फासला आहे, बहुधा सणाला. तो त्याचा हात नाही. पण काढू नका. काढायला बसलं की काय काढलं जातं ते कळत नाही.

तेलाबद्दलही तेच. मासा हाताला चिकट लागतो आणि अजून जरा वास येतो. मुशीचं तेल आहे, होडीच्या लाकडाला लावतात ते. घरच्यांनी दरवर्षी पावसाळ्याआधी त्याचा हात मारला म्हणून या हवेत तो टिकला. अमेरिकेत रस्ट-ओलियम नावाचा गंजरोधक रंग निघाला तोही एका जहाजाच्या कप्तानाला माशाच्या तेलाचा हा गुण दिसला म्हणून. आम्ही चोरबाजारातल्या एका दुकानदाराला फोटो दाखवले, तर म्हणाला, ‘पहिलं ॲसिडमध्ये टाकून साफ करा, मग पॉलिश, मग बोलू.’ तसं केलं तर मासा चकचकीत होईल आणि त्याच्यातलं दांडा निघून जाईल. गोड्या पाण्यानं पुसा, वाळवा, तेल लावा. याहून जास्त काही करू नका.

‘लोककला’ या शब्दाबद्दल आमची तक्रार आहे, तीही सांगून टाकतो. बस्तरच्या हरणाला लोककला म्हणणं ठीक, तिथं एक समाज पिढ्यान् पिढ्या एका रीतीनं काम करतो. हा मासा एका माणसाचा आहे. त्याच्याआधी दांड्यात कुणी असा केला नव्हता, नंतरही नाही. त्याला लोककला म्हणतात ते एवढ्यासाठी, की एकदा ‘लोक’ म्हटलं की कर्त्याचं नाव विचारायला नको, आणि नाव नसलं की भाव आपण ठरवायचा. परदेशी बाजारात याच वस्तूला ‘अनामिक, भारत’ अशी चिठ्ठी लागेल. अनामिक कसला? घरच्यांना नाव ठाऊक आहे. ते जाहीर करायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

मग मोल किती? तीन भाव आमच्या कानावर आले. भंगाराचा, म्हणजे किलोवर. दुकानदाराचा, तो पायडल आणि इस्त्री सुटी धरून, कारण सुट्या वस्तूंना गिऱ्हाईक आहे. पायडलवर काच टाकली की कॉफीचं टेबल होतं. तिसरा एका सजावटकाराचा, पूर्ण माशाचा, सगळ्यात मोठा, पण ‘जुना आहे असं लिहून द्या’ या अटीवर. तिन्ही भावांत एक गोष्ट सारखी आहे: जोडण्याला कुणीच पैसे देत नाही. पहिला वजनाला देतो, दुसरा सुट्या भागांना, तिसरा वयाला.

पण म्हणून विकू नका, असं आम्ही मावशींना सांगणार नाही. जुन्या बिडाचं काय करावं याचं एक उत्तर आपल्या इतिहासात फार निराळं आहे. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या, आणि त्या वितळवून शेतकऱ्यांसाठी नांगर ओतले गेले. पुरावस्तूच्या दृष्टीनं नुकसान, यात शंका नाही. पण तेव्हा भूक वस्तूपेक्षा मोठी होती, आणि ते ठरवणाऱ्यांना काय वितळवतोय हे पक्कं ठाऊक होतं. घाटावर नांगर जमिनीत चालतो, दांड्यात नांगर होडी धरून ठेवतो, शब्द एकच. मावशींना दुरुस्तीसाठी पैसे हवे होते आणि आम्ही त्यांना काय विकतोय ते सांगितलं नाही. अडचण विकण्यात नव्हती.

म्हणून या वेळी आम्ही लिहून दिलं. एका कागदावर, मराठीत: काय आहे, कशाचं आहे, कुणी केलं, अंदाजे केव्हा, तडा कुठे, झाळ कुठे, पर नंतरचा, रंग परका. ‘जुना’ हा शब्द घातला नाही. खाली आमची सही. किमतीची ओळ कोरी आहे, ती मावशी भरतील, किंवा नाही भरणार. सजावटकाराला त्याची नक्कल पाठवली, अजून उत्तर नाही.

पहिल्या माशाचं वर्णन आम्ही आठवून लिहायचा प्रयत्न केला. त्याचं अंग कशाचं होतं ते आठवेना. मावशींच्या धाकट्या दिरांना वाटतं, इंजिनाच्या गतिचक्राचा तुकडा होता. मावशी म्हणतात, नाही, चुलीची जाळी. आम्ही तेव्हा त्याचं फक्त माप उलटं करून पाहिलं होतं.

वेळ झाली आहे. पुढे या, हात लावून पाहा, पण शेपटीला धरून उचलू नका, पोटाची झाळ जुनी आहे. प्रश्न असतील तर इथं उभं राहूनच घेऊ.